असन्निधानातील आचार्यपद : श्रीनागदेवाचार्य

सन्निधान आणि असन्निधान या दोन काळांचा विचार शास्त्रात स्वतंत्रपणे केला जातो. सन्निधानी साक्षात परमेश्वर समोर असतात. संशय उत्पन्न झाला तर तो त्यांच्या चरणी ठेवावा, आज्ञा होईल ती झेलावी, एवढेच जीवाचे काम असते. असन्निधानी मात्र प्रश्न उत्पन्न होतात आणि उत्तर देणारा समोर नसतो. आज्ञा ठाऊक असते, परंतु ती या प्रसंगी कशी लावावी हे सांगणारा नसतो. म्हणून आचार्याची आवश्यकता असन्निधानीच विशेष भासते. हे पद प्रथम ज्यांच्याकडे आले त्या श्रीनागदेवाचार्यांचे, म्हणजे भटोबासांचे चरित्र या दृष्टीने अवलोकन केले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांच्यापुढे आलेले प्रश्न त्यांच्यापूर्वी कोणापुढेच आलेले नव्हते. पूर्वाचार्य नव्हते, रूढी नव्हती, ग्रंथ नव्हता. मार्गाची घडी बसवायची होती आणि ती बसविताना स्वामींच्या वचनापासून तिळभरही ढळायचे नव्हते.

भटोबासांचे पूर्वायुष्य पाहिले तर हा पुरुष एवढ्या मोठ्या पदास चढेल असे कोणास वाटले नसते. जन्म ब्राह्मणकुळातला, पण वृत्ती शास्त्राभ्यासाकडे नव्हती. शस्त्र बाळगावे, आपल्या मर्जीने वागावे अशी तारुण्यातील त्यांची रीत होती. रामदेव, ज्यांना संप्रदायात दादोस म्हणतात, त्यांच्या संबंधाने त्यांना श्रीचक्रधर स्वामींची वार्ता कळली. त्यांच्या आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा या तिघींचाही ओढा त्याच दिशेला होता. दर्शन घडल्यावर वेध झाला, आणि वेधामागून बोध झाला. पूर्वीचा उच्छृंखलपणा गळून पडला, परंतु शस्त्र बाळगणाऱ्याच्या अंगी असलेला निग्रह मात्र तसाच राहिला. पुढे तोच त्यांच्या कामी आला.

सन्निधानीच्या काळात स्वामी शिकवीत ती रीत भटोबासांनी जवळून पाहिली होती. स्वामी विद्वानाशी बोलताना विद्वानाच्या तोलाने बोलत आणि अजाण स्त्रीशी बोलताना तिच्या घरातल्या, शेतातल्या वस्तूंचा दृष्टान्त देत. हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टान्त सर्वांना परिचित आहे. एकाने पाय चाचपला, एकाने कान चाचपला, एकाने सोंड चाचपली. प्रत्येकाचा अनुभव खरा, पण प्रत्येकाचे ज्ञान अपुरे. ज्याला डोळे आहेत तोच संपूर्ण हत्ती पाहतो. या दृष्टान्ताचे तात्पर्य तत्त्वज्ञानापुरते नाही. पुढे जेव्हा जेव्हा मार्गात मतभेद झाले तेव्हा भटोबासांनी एकाच्या सांगण्यावर निर्णय केला नाही. सगळ्यांचे ऐकून घ्यावे, त्यातला आपापल्या परीने खरा असलेला भाग ओळखावा आणि मग स्वामींच्या वचनाच्या प्रकाशात संपूर्ण वस्तू पाहावी, ही त्यांची पद्धती याच शिकवणुकीतून आलेली दिसते.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. देवगिरीच्या यादव राज्यात हेमाद्रीसारख्या सत्ताधाऱ्यांचा आणि कर्मठ वर्गाचा रोष त्यापूर्वीच ओढवलेला होता. अनुयायांचा मेळा विखुरला. भटोबासांची अवस्था तर सर्वांहून बिकट झाली. अन्नपाण्याचे भान राहिले नाही, विरहाने देह सुकून गेला. ज्याच्याकडे इतरांनी आधार म्हणून पाहावे तोच सर्वांत जास्त कोसळलेला होता. हा प्रसंग चरित्रकारांनी लपविला नाही, आणि लपविण्याचे कारणही नाही. ज्याला वियोगाचे दुःख होत नाही त्याला सन्निधानाची किंमत कळली नव्हती, असाच त्याचा अर्थ होईल.

या अवस्थेतून त्यांना बाहेर काढले ते एका आज्ञेने. आपल्या मागे सर्वांनी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस जावे, असे स्वामींनी सांगून ठेवले होते. दुःखाच्या भरात नवा मार्ग शोधू नये, आधी जे सांगितलेले आहे ते करावे, इतका साधा विचार भटोबासांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी केला. ते ऋद्धिपुरी आले. येथे दुसरा एखादा असता तर स्वामींचा प्रिय शिष्य म्हणून त्याने आपले आसन मांडले असते. भटोबासांनी तसे केले नाही. श्रीप्रभूंच्या लीळा लोकव्यवहाराला न उमगणाऱ्या होत्या. कधी ते हसत, कधी रागावत, कधी मुलांसारखे खेळत. त्यांच्या सेवेत भटोबास तेरा-चौदा वर्षे राहिले. आसन श्रीप्रभूंचे आणि सेवा आपली, असा विभाग त्यांनी स्वतःच करून घेतला. त्यामुळे एक मोठा अनर्थ टळला. स्वामींच्या मागे मुख्य कोण, हा वाद उत्पन्न होण्यासारखी परिस्थिती असताना तो उत्पन्नच झाला नाही. भटोबासांनी आधी सेवा केली आणि त्या सेवेच्या पाठोपाठ आचार्यपद त्यांच्याकडे चालत आले.

ऋद्धिपुरातील वास्तव्यात दुसरा प्रश्न उभा राहिला. स्वामींच्या लीळा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या होत्या ती माणसे वयस्क होत चालली होती. कोणी दूरच्या गावी होती, कोणी अटनास गेलेली होती. जे त्यांच्या स्मरणात होते ते त्यांच्याबरोबर लोपले असते. भटोबास एकान्ती बसून लीळांचे मनन करीत. म्हाइंभटांनी हे पाहिले आणि ते एकान्ती काय करतात, असे विचारले. उत्तर मिळाल्यावर म्हाइंभटांच्या मनात आले की, पुढे येणाऱ्या अनुयायांना या लीळा कोठून मिळणार? त्या लिहून ठेवल्या पाहिजेत. भटोबासांनी या सूचनेला तत्काळ अनुमोदन दिले.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान आणि संपन्न गृहस्थ होते. वादाच्या हेतूने स्वामींकडे आलेले आणि पुढे सर्वस्व सोडून शरण आलेले. तर्क, व्युत्पत्ती, लेखन या बाबतीत भटोबासांची त्यांच्याशी तुलना होण्यासारखी नव्हती. परंतु भटोबासांनी हे काम मीच करीन असे म्हटले नाही, आणि म्हाइंभटांवर सर्वस्वी सोडूनही दिले नाही. लेखन म्हाइंभटांचे आणि पारख भटोबासांची, अशी वाटणी झाली. ज्याने लीळा पाहिली त्याला भेटून विचारावे, दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरक नोंदवून ठेवावा, आणि जे मिळाले ते भटोबासांसमोर ठेवावे, अशी रीत ठरली. म्हाइंभटांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीच्या परिसरात हे लेखन झाले, अशी परंपरा आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले हे लीळाचरित्र एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांचे आहे. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ म्हणून आज विद्वान त्याचा गौरव करतात. परंतु भटोबासांच्या दृष्टीने ते साहित्य नव्हते. स्मरण हेच असन्निधानीचे मुख्य साधन, आणि स्मरणाला विषय पाहिजे, म्हणून लीळाचरित्र पाहिजे, असा त्यांचा सरळ विचार होता.

कोणाचे सांगणे टाकून न देता भेद नोंदवून ठेवण्याची ही रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आचार्याने आपल्या अधिकाराने एकच पाठ खरा ठरविला असता तर कोणी विरोध केला नसता. पण मग ज्याचे स्मरण टाकले गेले त्याच्या मनात शल्य राहिले असते, आणि कदाचित खरा पाठही त्याच्याचकडे असता. जेथे निश्चय करण्याइतके साधन नाही तेथे निश्चयाचा आग्रह धरू नये, हा विवेक भटोबास-म्हाइंभटांच्या कामात पदोपदी दिसतो.

तिसरा प्रश्न भाषेचा. केशिराजबास, म्हणजे केसोबास, आणि दामोदर पंडित हे दोघे संस्कृताचे गाढे व्यासंगी भटोबासांना शरण आले. त्यांना सवय संस्कृतातून प्रश्न करण्याची. भटोबासांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, तुमचे संस्कृत मला कळत नाही. श्रीचक्रधरांनी मला मराठीतून निरूपण केले, तेव्हा मला त्याच भाषेत पुसावे. विद्वान शिष्यांपुढे आपले अज्ञान उघड सांगण्यास भटोबासांना संकोच वाटला नाही. या कबुलीत न्यूनगंड नाही. स्वामींनी जी भाषा पत्करली ती निरूपणास पुरेशी होती, तर ती आपल्याला अपुरी का वाटावी, असा त्यामागचा भाव आहे.

पुढे केसोबास स्वामींचे वचन संस्कृत श्लोकांत बांधू लागले. त्यांचे सामर्थ्य त्या प्रतीचे होतेच. त्यांचे संस्कृत रत्नमालास्तोत्र संप्रदायात प्रसिद्ध आहे. तरीही भटोबासांनी त्यांना थांबविले. कारण दिले ते असे की, त्यामुळे आपल्या वृद्ध स्त्रिया वंचित होतील. हे कारण नीट पाहिले पाहिजे. संस्कृत वाईट, असे त्यांनी म्हटले नाही. शिष्याच्या विद्वत्तेचा उपहास केला नाही. विद्वज्जनांत मान मिळेल, राजसभेत प्रवेश मिळेल, विरोधकांची तोंडे बंद होतील, असे अनेक लाभ संस्कृत ग्रंथाने झाले असते. स्वामींना ज्या वर्गाने छळले त्याच वर्गाच्या भाषेत उत्तर देण्याचा मोह त्या काळी स्वाभाविक होता. भटोबासांनी लाभाच्या बाजूने हिशेब केला नाही. या निर्णयाने कोणाचे नुकसान होईल, आणि ज्याचे होईल तो ते भरून काढण्यास समर्थ आहे काय, असे त्यांनी पाहिले. पंडिताला मराठी समजते, पण वृद्धेला संस्कृत समजत नाही. एवढ्यावर निर्णय झाला.

नकार देऊन भटोबास थांबले असते तर केसोबासांसारख्याची बुद्धी वाया गेली असती. तसे झाले नाही. तीच बुद्धी मराठीकडे वळली. लीळांमध्ये विखुरलेली स्वामींची वचने वेचून केसोबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला, आणि स्वामींचे ११४ दृष्टान्त एकत्र करून दृष्टान्तपाठ रचला. सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी त्याची तीन अंगे. त्यांपैकी सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचे. संस्कृत शास्त्रपद्धतीने घडलेल्या मनाची शिस्त आणि स्वामींची लोकभाषा यांचा संगम तेथे झाला आहे. आज भिक्षू आणि वासनिक दोघेही ज्या ग्रंथांचा पाठ करतात ते ग्रंथ त्या एका नकारातून मिळाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

वृद्ध स्त्रियांविषयीची ही आस्था केवळ दयाबुद्धी नव्हती. महदाइसांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. स्वामींच्या सन्निधानीही त्या प्रश्न विचारीत, आणि असन्निधानी भटोबासांनाही त्यांनी प्रश्न विचारण्याचे सोडले नाही. आचार्य आपला चुलत बंधू आहे म्हणून त्यांनी सवलत दिली नाही, आणि आचार्यांनीही बहीण म्हणून त्यांचे बोलणे उडवून लावले नाही. उलट ही म्हातारी धर्माचे रक्षण करणारी, चर्चा करणारी आहे, अशा शब्दांत त्यांचा गौरव केला. श्रीप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने महदाइसांनी रचलेले धवळे मराठीतील आद्य कवयित्रीची रचना म्हणून मान्यता पावले आहेत. दामोदर पंडितांच्या पत्नी हिराइसा यांनी पतीच्या आधी अनुसरण घेतले, हेही संप्रदायास विदित आहे. ज्या मार्गात स्त्रियांना अधिकार होता त्या मार्गाचे शास्त्र त्यांना न समजणाऱ्या भाषेत गेले असते तर अधिकार नावापुरता राहिला असता. भाषेचा निर्णय आणि अधिकाराचा निर्णय हे वेगळे नव्हते.

शके १२०९ च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनीही प्रयाण केले. भटोबासांवर असन्निधान दुसऱ्यांदा आले. या वेळी मात्र ते पूर्वीसारखे कोसळले नाहीत. श्रीप्रभूंच्या लीळाही म्हाइंभटांकडून संकलित झाल्या. भटोबास ऋद्धिपूर सोडून गोदावरीच्या काठच्या प्रदेशाकडे वळले. आता आज्ञा कोणाकडे मागावी, असे दुसरे सन्निधान उरले नव्हते. मार्गाची संपूर्ण जबाबदारी त्यांच्यावर आली.

याच काळात एक अवघड प्रश्न तीव्र झाला असला पाहिजे. साधनवंताने एकाकी राहावे, नित्य अटन करावे, भिक्षान्नावर निर्वाह करावा, एका स्थानी आसक्त होऊ नये, ही स्वामींची शिकवण. दुसऱ्या बाजूस, शास्त्र जतन करायचे तर साधनवंतांनी एकत्र येणे, निरूपण ऐकणे, पाठ मिळवून घेणे अवश्य. केवळ अटन केले तर मार्ग विखुरतो. केवळ एकत्र राहिले तर विरक्तीचा मठ होतो. भटोबासांनी या दोहोंतील एक टाकून दुसरे घेतले नाही. शिष्य अटनास जात, विजनात राहत, आणि पुन्हा आचार्यांच्या दर्शनास येऊन आपले संशय फेडून घेत. आचार्याने शिष्याला बांधून ठेवायचे नाही आणि शिष्याने आचार्यापासून तुटायचे नाही, अशी ही व्यवस्था होती. स्मृतिस्थळात भटोबासांच्या आठवणी ज्या संख्येने आणि ज्या विविध शिष्यांच्या संबंधाने आल्या आहेत, त्यावरून हे जाणे-येणे किती जिवंत होते याची कल्पना येते.

शिष्यवर्गाकडे पाहिले तर आश्चर्य वाटते. म्हाइंभट, केसोबास, दामोदर पंडित यांच्याप्रमाणेच कवी नरेन्द्र त्यांना शरण आले. नरेन्द्रांचे रुक्मिणीस्वयंवर रामदेवराय यादवाच्या सभेत वाचले गेले. आपल्या नावावर ग्रंथ करून द्यावा म्हणून राजाने धन देऊ केले, पण कवीने ते नाकारले आणि पुढे भटोबासांचा मार्ग धरला, अशी संप्रदायाची स्मृती आहे. भास्करभट्ट बोरीकरांसारखे महाकवीही याच परिवारातले. एवढ्या बुद्धिमंतांचा मेळा एका फारशा न शिकलेल्या पुरुषाभोवती जमावा आणि एकसंध राहावा, याचे कारण काय? भटोबासांनी त्यांच्याशी विद्वत्तेची स्पर्धा केली नाही. त्यांच्यापाशी जे होते ते दुसऱ्या कोणापाशी नव्हते. स्वामींचे वचन आणि त्या वचनाचा हेतू त्यांना अनुभवाने ठाऊक होता. आपल्या ठेव्याची मर्यादा त्यांनी ओळखली होती, म्हणून इतरांच्या गुणांना जागा मिळाली.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. यादवांचे राज्य खिळखिळे होऊ लागले. चौदाव्या शतकाच्या आरंभी भटोबासांनी देह ठेवला. त्यांच्यामागे आचार्यपद बाइदेवबासांकडे आणि त्यानंतर कवीश्वरबासांकडे, म्हणजे भास्करभट्टांकडे गेले. पद रक्ताच्या नात्याने गेले नाही. इ. स. १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपुष्टात आली.

भटोबासांच्या कार्याची खरी परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. ग्रंथच मार्गाचा आधार असता तर मार्ग तेथेच संपला असता. परंतु भटोबासांच्या काळात लेखन झाले म्हणून पाठांतर सुटले नव्हते. ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या मुखातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. वेगवेगळ्यांच्या स्मरणामुळे वेगवेगळे पाठ झाले, तेही जतन केले गेले. लिहिलेले हरवेल हे भटोबासांना ठाऊक नव्हते. परंतु एकाच साधनावर भार टाकू नये, हे त्यांच्या रीतीतच होते. पुढे धाडीच्या आणि अवहेलनेच्या काळात ग्रंथरक्षणासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या आल्या. त्या आवरणाने ग्रंथ वाचले हे खरे, पण ज्या जनांसाठी भटोबासांनी मराठीचा आग्रह धरला त्यांच्यापासून ते दीर्घकाळ दूरही राहिले. विसाव्या शतकात ग्रंथ बाळबोध लिपीत छापले जाऊ लागले तेव्हा त्या मूळ हेतूची पुन्हा पूर्तता होऊ लागली.

पुढे मार्गात आम्नाय झाले, मतांतरे झाली. तरी सर्व आम्नाय ज्या एका पुरुषाला आद्याचार्य मानतात तो पुरुष एकच आहे. आज आश्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या महंतांपुढे, पाठशाळा चालविणाऱ्या अधिकरणांपुढे आणि गावोगावच्या वासनिकांपुढे नवनवे प्रश्न येतात. तरुण उपदेशी निरूपणाची जुनी भाषा समजत नाही म्हणून दूर राहतो. दोन स्थानांच्या परंपरांत विरोध दिसतो. विद्वान शिष्य आणि साधा वृद्ध वासनिक यांच्या अपेक्षा जुळत नाहीत. अशा वेळी भटोबासांनी काय ठरविले याबरोबरच ते कसे ठरविले हेही पाहिले पाहिजे. आधी स्वामींची आज्ञा कोणती ते पाहावे. शोकाच्या किंवा संतापाच्या भरात नवे काही करू नये. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे आणि मतभेद दडपू नये. आपल्याहून समर्थाला काम द्यावे, पण पारख सोडू नये. आणि निर्णयाच्या शेवटी, ज्याचा आवाज सभेत ऐकू येत नाही अशी एखादी म्हातारी या निर्णयाने वंचित तर होत नाही ना, हे पाहावे. या शेवटच्या कसोटीला जो निर्णय उतरत नाही तो कितीही शास्त्रशुद्ध वाटला तरी भटोबासांच्या मार्गातला नव्हे.

दंडवत प्रणाम.